भाऊजींची गाडी गार होत नाही

खामगाव,
१० मार्च २०२५

ति. महामाया वहिनींस,
सविनय जय भीम.

तुमचा फोन लागत नाही. पहिले वाटलं नेटवर्क नसन. मग माझ्या काजलच्या फोनवरून लावला तर लागला, पण माझा आवाज आयकला अन् तुम्ही ठेवून देला. म्हणून शेवटी पत्र लिहून राह्यलो. पोस्टात गेलो तर खिडकीतला माणूस माझ्याकडे पाहतच राह्यला.

काम गाडीचं आहे. कागदावर ती माझी असली तरी मी तिले भाऊचीच म्हणतो. लिलावातून मी उचलली तेव्हा तिचं निरा टरफल होतं, तुमाले माहीतच आहे. भाऊनं दुकानाच्या मागं उभी ठेवून तिले पुन्हा गाडी केलं. भाऊचा जलदान विधी झाल्यावर मी ती घेऊन आलो तर तुम्ही एका शब्दानं अडवलं नाही. उलट स्वतः बोनेट उघडून पाणी पाहून देलं. ते मी विसरलो नाही.

पावसाळा, हिवाळा गाडी बरी चालली. आता ऊन तापायला लागलं तर एसी गारच करत नाही. हवा येते, पण कोमट. दोन सीटची बुटकी गाडी, काच मोठी, इंजिन पायापाशी. आत बसलं की भाकरीसारखं भाजून निघते माणूस. भाऊ होता तेव्हा याच गाडीत मे महिन्यात मले हुडहुडी भरली होती. त्यानं काय केलं होतं? तुम्ही दोघं मिळून ती खोलत होते, तुमाले ठाऊक असन. कळवा.

आपला दीर,
धम्मरत्न

*

चिखली,
१७ मार्च २०२५

धम्मरत्न भाऊजी,
जय भीम.

पत्र मिळालं. यापुढेही जे विचारायचं ते लिहूनच विचारा. फोनवर मी तुमच्याशी बोलणार नाही.

रेडिएटरच्या पुढे एक जाळी आहे. तिला कंडेन्सर म्हणतात. गाडीतली गरमी तिथून बाहेर पडते. खामगावात सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू हवेत असतात, ते त्या जाळीत बसतात. पुढचा बंपर काढून ती आतून बाहेर अशी साध्या पाण्यानं धुवा. जोराचा फवारा मारू नका, पत्र्याची पानं वाकतात. तुमचे भाऊ दर उन्हाळ्याआधी हे करत.

त्यानं फरक पडेल.

महामाया

*

चिखली,
१८ मार्च २०२५

प्रिय सलीमा,

तुझ्या कानांचं काही होत नाही, फोन ऐकू येत नाही म्हणतेस, तर मग मोठ्या अक्षरात पत्रच लिहिते. शाळेत फळ्यावर लिहायची सवय आपल्या दोघींचीही गेलेली नाही.

आज तुला एक सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

ते गेले त्या दिवशी धम्मरत्न चिखलीतच होता. जवळच्या हॉलवर कोणाच्या तरी रिसेप्शनच्या मंडपाचं काम त्याच्याकडे होतं. सकाळी आमच्याकडे चहा घेऊन गेला. दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली हे कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, डोळे फिरलेले. ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना. धम्मरत्नची मोठी गाडी त्या हॉलच्या दारात उभी होती, दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मी त्याला फोन केला. मागे गाणी चालू होती. मी म्हटलं, भाऊजी, ह्यांना लवकर दवाखान्यात न्यायचंय, गाडी घेऊन या. तो काय म्हणाला माहीत आहे? "ऊन उतरलं की येतो वहिनी."

मग चौकातल्या जीपवाल्यानं भरलेल्या सवाऱ्या उतरवून दिल्या. तो कोण, कुठला, मला अजून माहीत नाही. पण उशीर झाला होता. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आणि जलदान विधीच्या दिवशी, माणसं जेवत असताना, धम्मरत्ननं खुंटीवरच्या ह्यांच्या सदऱ्यातून गाडीची किल्ली काढून घेतली.

मी काही बोलले नाही. बोनेट उघडलं, पाणी बघते म्हटलं. त्या गाडीच्या हीटरचा व्हॉल्व्ह कधीचा गंजून उघडाच बसला होता. इंजिनचं उकळतं पाणी सारखं हीटरमध्ये फिरायचं, आणि एसीनं केलेली गार हवा त्याच्यावरूनच आत यायची. ह्यांनी त्या नळीत पितळेचा एक लहानसा कॉक बसवला, गॅसच्या शेगडीला असतो तसा. तो आडवा केला की गरम पाणी बंद आणि गाडी गारेगार. मी त्या दिवशी तो उभा केला. वरची कापडी पट्टी नीट गुंडाळली आणि बोनेट लावलं.

आता तो मला विचारतोय, गाडी गार का होत नाही. मी त्याला सगळे खरे उपाय सांगणार आहे. एक सोडून. मे महिना यायचा आहे अजून.

तू मला वाईट म्हणशील. म्हण.

तुझी,
महामाया

*

सोनाळा,
२५ मार्च

महामाया,
सलाम.

वाईट नाही म्हणत. मी तुझ्या जागी असती तर त्या दिवशी किल्लीच त्याच्या हातातून हिसकून घेतली असती. तू शांत राह्यली, म्हणजे तुझा गुस्सा माझ्यापेक्षा मोठा आहे.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत नाही. तो घामाघूम होऊन राह्यला, अन् त्याले वाटते मशीन बिघडली. तू केलं हे त्याले माहीत नाही. काऊन केलं तेही माहीत नाही. मग हा बदला कसला? हा तर नुसता उन्हाळा झाला. उन्हाळा तर मलेही होते, मी काय कोणाचं वाईट केलं?

घ्यायचा तर असा घे का त्याले कळलं पाहिजे.

पाय सुजले आहेत, बाकी खैरियत.

सलीमा

*

खामगाव,
५ एप्रिल २०२५

ति. वहिनींस,
जय भीम.

जाळी धुतली. बोटभर जाड लोकर निघाली तिच्यातून. पहिल्या दिवशी जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. इथं कामरान म्हणून गाड्यांच्या एसीचा चांगला मिस्त्री आहे. त्यानं गॅस काढून नवीन भरला. म्हणते, गॅस बरोबर, कॉम्प्रेसर बरोबर, पाइपाले हात लावला तर बर्फासारखा, मग आत हवा कोमट काऊन येते तेच समजत नाही.

परवा एका पार्टीले मंगल कार्यालय दाखवायले घेऊन चाललो होतो. मोठा माणूस, सफारीतला. नांदुऱ्यापर्यंत कसाबसा बसला अन् मग म्हणाला, थांबवा, मी मागून येणाऱ्या गाडीत बसतो. त्याची सफारी पाठीले चिकटली होती. गावात आता पोरं म्हणतात, धम्मरत्नभाऊची भट्टी आली.

भाऊ असता तर हे झालं नसतं. पण त्याचं आयुष्य तेवढंच होतं. नशिबापुढं कोणाचं काय चालते.

अजून काय करू ते कळवा.

धम्मरत्न

*

चिखली,
१२ एप्रिल २०२५

धम्मरत्न भाऊजी,
जय भीम.

आयुष्य तेवढंच होतं, हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आता गाडीचं. कंडेन्सरपुढचा पंखा जुना आहे, त्याची मोटर मंद झाली असेल. नवा, जास्त हवा ओढणारा बसवा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बाजूनं फट आहे, तिथून हवा निसटते. त्या फटीत फोमची पट्टी भरा. इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामध्ये जो पत्रा आहे त्याला आतून, गालिचाखाली, उष्णता अडवणारी चंदेरी शीट लावून घ्या. काचांना कायद्यात बसेल तेवढी फिल्म लावा. गाडी सावलीत उभी करा. निघताना आधी काचा उघडून आतली तापलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा, आणि हवा बाहेरून न घेता आतलीच फिरवायची ठेवा.

यातलं एकही खोटं नाही. कामरान मिस्त्रींना विचारा, तेही हेच सांगतील.

प्रत्येक गोष्टीनं थोडा थोडा फरक पडेल. घाई करू नका. उन्हाळा मोठा आहे.

महामाया

*

खामगाव,
२६ एप्रिल २०२५

ति. वहिनींस,
जय भीम.

सगळं केलं. पंखा, फोम, शीट, फिल्म. आता हवा कोमटपेक्षा जरा बरी येते, पण गार म्हणावी अशी नाही. दुपारी तर विचारू नका.

आता खरं सांगतो. काजलचं लग्न ठरलं. १४ मे, खामगावातच, आपल्याच कार्यालयात. तुमाले पहिलेच कळवायचं होतं, पण तुम्ही फोन घेत नाही, अन् घरच्यांचं म्हणणं पडलं का भाऊचं वरीस होऊ द्यावं, मग सांगावं. चूक झाली असन तर पोटात घाला.

पोरगी एकाच गोष्टीले अडून बसली. मोठ्या बाबांनी मले शब्द देला होता, म्हणते, लग्नाच्या दिवशी मी त्याच लाल गाडीतून हॉलवर जाईन. भर दुपारचा मुहूर्त आहे. शालू, दागिने, मेकअप, अन् ही भट्टी. पोरगी हॉलपर्यंत पोचणार कशी?

वहिनी, आता पत्रानं भागणार नाही. तुम्ही स्वतः या. भाऊच्या मागं या गाडीची नस फक्त तुमालेच ठाऊक आहे. सांगाल त्या दिवशी माणूस पाठवतो, दुपारी निघाल तर सांजपर्यंत परत सोडून देतो. पाया पडतो, पण लवकर या.

धम्मरत्न

*

चिखली,
२९ एप्रिल २०२५

भाऊजी,

ऊन उतरलं की येते.

महामाया

*

खामगाव,
३ मे २०२५

ति. वहिनींस,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. बरोबर आहे तुमचं, या उन्हात तुमच्या वयाच्या बाईनं कशाले निघावं. मी बुधवारी सांजच्याले गाडी पाठवतो, दिवस मावळल्यावर निघा. इथं मुक्कामाची सोय करून ठेवली आहे. खोलीले नवीन एसी बसवला.

तुम्ही मोठ्या मनाच्या आहात.

धम्मरत्न

*

चिखली,
५ मे २०२५

धम्मरत्न,

गाडी पाठवू नको. मी येणार नाही.

मी लिहिलेलं वाक्य तुला ओळखू आलं नाही. ते माझं नाही, तुझं आहे. गेल्या मे महिन्यात मी तुला फोन केला, तुझा भाऊ दुकानाच्या फरशीवर पडला होता, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी आण म्हटलं तेव्हा तू मला हेच म्हणालास. त्या दिवसापासून माझ्या कानात दुसरं काही नाही. आणि तू ते वाचून माझे आभार मानलेस. तुझ्या लक्षातसुद्धा नाही.

आता गाडीचं ऐक. त्या गाडीचा एसी कधीच बिघडलेला नव्हता. तुझ्या भावानं केलेलं काम होतं ते, बिघडणार कसं? तिच्यात एक छोटी वस्तू आहे. ती मी तुझ्यासमोर, तू किल्ली हातात खेळवत उभा असताना, फिरवली. त्या दिवसापासून गार हवा उकळत्या पाण्यावरून तुझ्या अंगावर येते आहे. मी सांगितलेले सगळे उपाय खरे होते, आणि त्यातला एकही तुला पुरणार नव्हता हे मला माहीत होतं. तू घामानं भिजल्याचं वाचलं की मी ते पत्र पुन्हा वाचायचे. जेवण गोड लागायचं मला त्या दिवशी.

वस्तू कुठं आहे ते सांगणार नाही. शोध. तुझा भाऊ ज्या उन्हात गेला त्यातलं थोडं तुझ्याही वाट्याला येऊ दे.

महामाया

*

खामगाव,
८ मे

मोठी आई,
जय भीम.

पप्पांच्या नावाचं तुमचं पत्र मी उघडलं. अक्षर ओळखलं, अन् वाटलं माझ्या लग्नाचा आशीर्वाद असन.

मी ते घरात सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचून दाखवलं. मांडव घालणारे होते, आत्या होती, आई होती. पप्पा तिथंच खुर्चीवर होते. पहिले म्हणाले, मी असं म्हटलंच नाही. मग म्हणाले, मले वाटलं साधी चक्कर आली असन, पाणी पाजलं का उठन. मी विचारलं, म्हणजे आठवते तुमाले? तेव्हापासून घरात त्यांच्याशी कोणी धड बोलून नाही राह्यलं. मी तर नाहीच.

पण मोठी आई, तुमाले एक माहीत नसन. एप्रिलमध्ये माझा पेपर होता अकोल्याले. पप्पा मले त्याच गाडीत घेऊन गेले. रस्त्यात मले दोनदा उलटी झाली. हॉलमध्ये बसली तेव्हा प्रश्न नीट दिसत नव्हते. तेव्हा तुमचा उपायांचा कागद माझ्याच पर्समध्ये होता, मीच पप्पाले वाचून दाखवायची, हे केलं का, ते केलं का. मी तर तुमचं काही केलं नव्हतं.

मी रागावून लिहून नाही राह्यली. तुमची बाजू मले समजते. मोठ्या बाबांसाठी मी किती रडली ते तुम्ही पाहिलं आहे. फक्त तुमाले माहीत असावं म्हणून लिहिलं.

लग्नाले या. तुम्ही आल्या तर मी त्या गाडीतून जाईन, अन् तुम्हीच चालवायची. नाही आल्या तर पायी जाईन, त्या गाडीत दुसऱ्या कोणाजवळ बसणार नाही.

तुमची,
काजल

*

चिखली,
१८ मे २०२५

प्रिय सलीमा,

तू म्हणाली होतीस, त्याला कळलं पाहिजे. कळलं. कसं कळलं ते सोबतच्या काजलच्या पत्रात वाच आणि ते पत्र मला परत पाठव. अकोल्याच्या परीक्षेचं वाचून मी हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून उठले. माझ्या मनात त्या गाडीत कायम तो एकटाच बसलेला असायचा. शेजारी दुसरी सीट आहे, हे मला सुचलंच नाही.

लग्नाला गेले. ऊन चढल्यावरच्या एसटीनं गेले, मुद्दाम तशाच. स्टँडवरून घरापर्यंत चालत गेले. मांडवाच्या तोंडाशी धम्मरत्न उभा होता. वर्षभरात माणूस इतका उतरेल असं वाटलं नव्हतं. पाण्याचा पेला घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्या उन्हात काऊन—" आणि तिथंच थांबला. स्वतःचेच शब्द त्याच्या तोंडात अडकले. पेला धरून तसाच उभा राहिला. मी पाणी घेतलं नाही, बाजूनं आत गेले.

गाडीवरचं कापड काढायला लावलं. बोनेट उघडलं, मागच्या बाजूला हात घातला, पट्टी सोडली, कॉक आडवा केला. तो कामरान मिस्त्री शेजारी होता. "बाई, एवढंच?" म्हणाला. मी म्हटलं, "एवढंच." त्यानं धम्मरत्नकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. बायका पाहत होत्या, मांडववाले पाहत होते. मी गाडी चालू केली, एसी लावला. थोड्याच वेळात त्या जाळीतून अशी हवा आली की माझ्या हातावर काटा उभा राहिला. त्यांची आठवण आली. पण रडले नाही, एवढ्या लोकांत धम्मरत्नला ते पाहायला मिळू नये म्हणून.

काजल पांढऱ्या शालूत येऊन बसली. माझा हात धरला, म्हणाली, "मोठी आई, माफ केलं का मले? तसं लिहिलं म्हणून?" मी म्हटलं, "तू मला करशील का ते सांग." तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. दागिना टोचत होता, तरी मी तशीच बसले.

निघताना धम्मरत्न माझ्या बाजूच्या काचेशी आला. बँड वाजत होता, काचा वर होत्या, पंखा जोरात होता. तो वाकला. हात जोडलेले होते की नुसते एकमेकांत धरलेले, मला सांगता येणार नाही. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

काजल म्हणाली, "मोठी आई, पप्पा काही म्हणून राह्यले."

"म्हणू दे."

"काच खाली करा ना थोडी."

मी गिअर टाकला.

"नको," म्हटलं. "गारवा जाईल."

तुझी,
महामाया